भोंगा बंद आहे

माझे धाकटे दीर भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारतात. टोमॅटोच्या क्रेटांवर उभं राहून बोली पुकारायची आणि मध्ये ट्रक घरघरत असला तरी पार टोकाच्या खरेदीदाराला ती ऐकू गेली पाहिजे, असं ते काम. बाजारात त्यांना 'भोंगा' म्हणतात. हे नाव कुणी चिडवायला ठेवलं असेल तर त्याची निराशाच झाली असणार, कारण भाऊजी ते पदवीसारखं मिरवतात. लग्न त्यांनी केलं नाही. "मी बायकोच्या कानात काही बोललो तर चार गल्ल्यांपलीकडे सासऱ्याला ऐकू जाईल," हे त्यांचं कारण. घरातही तोच आवाज. जेवताना "वहिनी, मीठ" म्हणाले की शेजारीण वाटी घेऊन दारात हजर.

आठवडाभर हा आवाज टोमॅटो-कोबीच्या सेवेत असतो. रविवारी तो आमच्या शहराच्या फुटबॉल टीमच्या वाट्याला जातो.

टीमचे कपडे वांग्याच्या रंगाचे आणि खेळही साधारण वांग्यासारखाच, म्हणजे जिथे ठेवाल तिथे पडून राहायचं. क्लबचे अध्यक्ष गाद्यांचे कारखानदार. सगळे त्यांना गादीशेठ म्हणतात. मैदानाभोवती त्यांच्याच कारखान्याच्या पाट्या आहेत, "गाढ झोपेची हमी", आणि त्यांच्यासमोर आमचे बचावपटू उभे असतात. दोन वर्षांपूर्वी शेठनी टीममधला गोल करणारा एकमेव माणूस विकला आणि त्या पैशातून मोठा रंगीत स्कोअरबोर्ड आणला. तेव्हापासून आमच्यावर झालेले गोल रंगीत दिसतात.

कोच चौथ्या सीझनचा. भर उन्हातही लांब कोट घालून उभा, हात खिशात, पाठ आमच्याकडे. म्हणून त्याचं नाव कोट. भाऊजींनी जागाच कोचच्या बाकाच्या थेट मागची धरलेली. ती सामना बघायला नव्हे, कोचला ऐकवायला.

"ए कोटा! तो लेफ्ट बॅक बदल! तो बॅक नाही, बैल आहे बैल!"

बैलाने एकदा वळून हात केला होता, इतकं ते नाव त्याच्या अंगवळणी पडलेलं. कोटने मात्र चार सीझनमध्ये एकदाही मान वळवली नाही. भाऊजींचा खरा राग तोच होता. "हरा रे, हरा. पण ऐकून घेऊन हरा!"

यंदा टीम तळाजवळ गेली, आणखी घसरली तर खालच्या डिव्हिजनमध्ये. भाऊजी रविवारी दुप्पट ओरडायला लागले आणि सोमवारी घोगऱ्या आवाजात टोमॅटो विकायला लागले. एका सोमवारी ते क्रेटवर चढले, तोंड उघडलं, आणि आतून बिजागरीला तेल नसलेल्या दाराचा आवाज आला. खरेदीदार हसले. भाऊजी हसले नाहीत.

मी त्यांना घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी नळीतून पाहिलं आणि म्हणाल्या, "स्वरतंतूंवर गाठी आल्यात. दोन महिने एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजही नाही. ऐकलं नाहीत तर आवाज जाईल, आणि गेला की गेला."

भाऊजींनी हवेत पायाने बॉल मारून दाखवला आणि भुवया उंचावल्या.

"मॅच बघा ना," बाई म्हणाल्या. "डोळ्यांनी."

गाळ्याचे मालक जुने, माणूस चांगला. ते म्हणाले, "भोंगा, तुझं दुखणं मला कळतं. पण टोमॅटो कुणासाठी थांबत नाहीत." त्यांनी एक माईकवाला आणला आणि भाऊजींना वजनकाट्यावर बसवलं. आवाज परत आला तर क्रेट तुझे, नाही आला तर माईकवाला कायम आणि तू काट्यावर, असं ठरलं. भाऊजी घरी आले, मी आणून दिलेल्या शाळकरी पाटीवर त्यांनी लिहिलं, 'माईक'. खाली रेघ मारली. मग लिहिलं, 'टोमॅटोला!' आणि जेवायलाही आले नाहीत.

आता रविवारचं काय? एकटं सोडलं तर ते ओरडणार हे सगळ्यांना माहीत होतं. हे, म्हणजे माझे यजमान, वर्तमानपत्राच्या आडून म्हणाले, "सोबत कुणीतरी जबाबदार माणूस पाहिजे. तू जा."

"आणि तुम्ही?"

"मी कुठे जबाबदार आहे?"

तर अशी मी गेले. अर्धा सामना भाऊजी शहाण्यासारखे वागले, म्हणजे नुसते लालबुंद होऊन बसले. मग डावीकडून आमच्यावर एक गोल झाला. त्यांनी पाटीवर करकरत लिहिलं, 'बैल दमलाय. काढ त्याला गाढवा!!' पाटी माझ्या मांडीवर आदळली आणि कोटच्या पाठीकडे बोट केलं.

म्हणजे मी ओरडायचं! चारचौघांत, परक्या पुरुषावर! पण त्या माणसाच्या गळ्याच्या शिरा अशा तट्ट फुगल्या होत्या की मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी स्वतः तोंड उघडलं असतं. मला ओरडता येत नाही. मला जी एक हाक येते, ती मी मारली. गॅस संपल्यावर मी घरात जशी मारते तशी.

"अहो..."

आसपासच्या रांगांतले झाडून सगळे लग्न झालेले पुरुष वळले. एकाने सिगारेट पाठीमागे लपवली. एकाने शर्टाचं वरचं बटण लावलं. आणि खाली, बाकाजवळ, कोटही वळला.

चार सीझनमध्ये तो चेहरा आम्ही पहिल्यांदा समोरून पाहिला. झोप न झालेला, सभ्य, जरासा धास्तावलेला चेहरा. तो पाहिल्यापासून मला त्यांना अरे-तुरे करवत नाही.

"तो डावीकडचा मुलगा दमलाय हो," मी म्हटलं. "बघा ना जरा."

त्यांनी बघितलं. बैल गुडघ्यांवर हात ठेवून खरंच धापा टाकत होता. त्यांनी माणूस बदलला. पुढे कसा कोण जाणे आमचाही एक गोल झाला आणि सामना बरोबरीत सुटला. कितीतरी आठवड्यांनी आम्ही हरलो नव्हतो.

घरी आल्यावर भाऊजींनी पाटीवर सिद्धांत मांडला, 'माझी अक्कल + वहिनींचा आवाज = ड्रॉ'.

"म्हणजे इतकी वर्षं तुझा आवाजच आडवा येत होता," हे वर्तमानपत्रामागून म्हणाले. त्यावर भाऊजींनी जे लिहिलं ते मी लगेच पुसलं.

पुढच्या रविवारी आमच्याभोवती गर्दी. विमेवाले काका, जे कानाला रेडिओ लावूनच सामना बघतात, ते सरकत सरकत जवळ आले. "ताई, माझंही एक सांगा की. शेठना म्हणावं, आमचा स्ट्रायकर परत आणा."

मागून बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, "आणि तो स्कोअरबोर्ड परत करा म्हणावं!"

"एका वेळी एकच सांगायचं असतं," मी म्हटलं. "दोन सांगितली की पुरुष दोन्ही विसरतात."

पण खरी अडचण भाऊजींचीच होती. त्यांच्या पाटीवर शिव्यांच्या गर्दीत सूचना हरवलेली असायची. ते लिहायचे, 'गोलकीपर आहे की खांब? हाकल त्याला!' मी त्या पोराकडे पाहायची. बिचाऱ्याची पाचावर धारण बसलेली. मी म्हणायची, "अहो, गोलकीपर घाबरलाय. त्याला काहीतरी चांगलं बोला ना." कोट रेषेपर्यंत जाऊन त्याला काहीतरी चांगलं बोलायचे. पुढचा बॉल तो पोरगा पकडायचा, आणि इकडे भाऊजी मला कोपराने ढोसत असायचे. पाटीवर लिहिलेलं, 'मी हे लिहिलंय???'

"तुमचंच आहे, भाऊजी. फक्त निवडून घेतलं. मेथी नाही का निवडत? तुमच्यात काड्याच फार."

टीम सुधारली असं मी म्हणणार नाही. हरण्याचा वेग कमी झाला, इतकंच. दोन-तीन ड्रॉ झाले. एक सामना तर आम्ही जिंकलो, कारण समोरच्यांनी आपल्याच जाळीत बॉल मारला. भाऊजी त्याचंही श्रेय घ्यायला तयार होते.

ही गोष्ट गादीशेठच्या कानावर गेली. जिथे दोन वर्षांत एक स्ट्रायकर मिळाला नाही, तिथे दोन दिवसांत बैठक झाली. विषय होता, कोचच्या कामात बाहेरच्यांची लुडबुड. पुढच्या रविवारी जाऊन बघतो तर कोचच्या बाकामागे डोक्याच्याही वर जाणारी जाड काच! क्लबने इतक्या चपळाईने घेतलेला निर्णय मी त्याआधी पाहिला नव्हता. मी "अहो" म्हटलं. सगळे वळले, काचेपलीकडचे कोट सोडून. मी दोनदा म्हटलं. काचेत मला माझाच चेहरा दिसला.

भाऊजींनी पाटी पालथी ठेवली. आम्ही तीन गोलांनी हरलो.

असं करत शेवटचा सामना आला. त्यानंतर दोनच दिवसांनी, मंगळवारी, डॉक्टरीणबाई घसा तपासणार होत्या. भाऊजींना जेवण जात नव्हतं. काट्याचं काय आणि टीमचं काय, दोन्ही एकाच आठवड्यात ठरणार. टीमचं गणित सोपं होतं. आमच्या खालोखाल असलेली टीम दुसऱ्या शहरात खेळत होती. ती जिंकली नाही तर आम्हाला ड्रॉ पुरणार होता. ती जिंकली तर आम्हाला जिंकावंच लागणार, नाहीतर खालची डिव्हिजन.

सामना संपत आला तरी कुणाचाच गोल नव्हता. आणि विमेवाले काका रेडिओ धरूनच उठले. "तिकडे गोल झाला! ते जिंकतायत! आपल्याला ड्रॉ चालत नाही, गोल पाहिजे गोल!"

बातमी वणव्यासारखी पसरली. फक्त एका जागी पोचली नाही. काचेपलीकडे कोट दोन्ही तळवे खाली दाबत पोरांना खूण करत होते, हळू, हळू, वेळ काढा. त्यांना वाटत होतं ड्रॉ पुरतोय! इतर सामन्यांचे निकाल रंगीत बोर्डावर दिसणार, असं क्लबनेच जाहीर केलं होतं. बोर्डावर एक बाई गादीवर पहुडली होती. गाढ झोपेची हमी.

आमची पोरं बॉल घेऊन कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी गेली आणि तिथे नुसती उभी राहिली. सगळं मैदान उठून बोंबलायला लागलं. हजार माणसं हजार प्रकारे ओरडत होती, त्यामुळे शब्द एकही कळत नव्हता. कोटना वाटलं, लोक खूश आहेत. त्यांनी पाठमोरंच हात वर करून आभार मानले.

तेव्हा आमच्या भागातले सगळे भाऊजींकडे बघायला लागले. ती काच कुणाच्या आवाजाला भेदता आली असती, तर त्या एकाच.

"भोंगा," बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, "एकदाच रे. एकच हाक मार."

"एका हाकेने काय होतंय!" विमेवाले काका म्हणाले.

भाऊजी उभे राहिले. छाती भरून घेतली. तो श्वास मी ओळखते, त्याच्यानंतर आमच्या घरातल्या काचा थरथरतात. मी त्यांचा हात धरला नाही. गळा त्यांचा, बाजार त्यांचा, टीमही त्यांचीच. मी फक्त बघत होते.

त्यांनी मैदानाकडे पाहिलं. झेंड्यापाशी बैल बॉलवर पाय ठेवून शांत उभा होता. वर गादीवरची बाई कूस बदलत होती. भाऊजींनी तो भरलेला श्वास हळूहळू, सगळाच्या सगळा, नाकातून सोडून दिला. पाटी घेतली. मला दाखवली. 'ह्यांच्यासाठी?'

मग बाहीने ती पुसून मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'ड्रॉ पुरत नाही. गोल!' आणि पायऱ्या उतरत, लोकांना ढकलत, ते थेट कोपऱ्यातल्या कुंपणाशी गेले. तिथे काच नव्हती. त्यांनी पाटी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली आणि बैलाच्या नजरेसमोर नाचवली.

बैलाने पाहिलं. बैलाला वाचता येतं याबद्दल मला शंका नाही, पण त्याला एका वेळी एकच काम जमतं. तो वाचायला लागला. ओठ हलत होते. तो 'पुरत नाही'पर्यंत आला असेल नसेल, तोवर समोरच्या टीमच्या पोराने त्याच्या पायाखालचा बॉल अलगद काढून घेतला आणि धूम ठोकली. आमचे सगळे कोपऱ्यात. मैदान मोकळं. गोलकीपर एकटा, आणि त्या वेळी त्याला चांगलं बोलायलाही कुणी नव्हतं.

गोल फार सुंदर दिसला. रंगीत.

भाऊजींची पाटी अजून डोक्यावरच होती. इतकी वर्षं ते ज्या नजरेने कोटच्या पाठीकडे बघत आले, त्या नजरेने आता सगळं मैदान त्यांच्याकडे बघत होतं. मी खाली पोचले तेव्हा त्यांचे हात खाली येत नव्हते, मीच ते आणले.

"तसे ड्रॉनेही बुडालोच असतो म्हणा," विमेवाले काका माझ्यामागून आले होते, ते म्हणाले. खरंच होतं ते.

लोक पांगल्यावर कोट कुंपणापाशी आले. कोटाच्या खिशांतून हात बाहेर. पाटी वाचली.

"ड्रॉ पुरत नव्हता?"

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही?" मी विचारलं.

"शेठ म्हणाले, पुरतो. आणि बोर्डावर..." आम्ही तिघांनी बोर्डाकडे पाहिलं. बाई झोपली होती. मग ते भाऊजींकडे वळले. "तुम्हीच ना ते? 'कोटा, कोटा' करणारे?"

भाऊजींनी मान खाली घातली. पन्नाशीच्या माणसाला मी असं पहिल्यांदाच बघत होते.

"अचानक तुमचा आवाज बंद झाला," कोट म्हणाले. "मला वाटलं, गेलात की काय. ह्या ताईंना विचारायची हिंमत होईना. फार चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं हो."

भाऊजींनी पाटी पुसली. मग लिहिलं, 'आहे अजून.' आणि अगदीच राहवलं नाही म्हणून खाली बारीक अक्षरांत, 'बैल उजव्या पायाचा आहे.'

"माहितीये मला," कोट उसासून म्हणाले. "शेठ म्हणाले, डावीकडे माणूस कमी आहे."

मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी नळी घातली, बाहेर काढली आणि म्हणाल्या, "बोला."

भाऊजींचं धाडस होईना. माझ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं.

"काहीही बोला हो."

"मॅच... बघितलीत का?" भाऊजी म्हणाले.

आवाज आला होता! पण तो आमचा भोंगा नव्हता. खालचा, किंचित खरखरीत, कुणातरी परक्या शांत माणसाचा आवाज. बाई म्हणाल्या, गाठी गेल्या, आता आयुष्यभर बोला. पण ओरडणं संपलं. पुन्हा ओरडलात तर हाही जाईल.

बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्हणजे काटाच मग, वहिनी." फक्त मला ऐकू जाईल असं. इतक्या वर्षांत ते फक्त मला ऐकू जाईल असं कधी बोललेच नव्हते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या पाण्यातच मला एक सुचलं.

"भाऊजी, घरी चला. तुम्हाला एक शिकवते."

स्वयंपाकघरात मी त्यांना ओट्यापाशी उभं केलं. "म्हणा, अहो."

"अहो!"

"हे दुकानदाराला झालं. असं नाही. आवाज चढवायचा नाही, शेवटी जरा खाली सोडायचा. काहीतरी झालंय, पण काय ते अजून सांगितलेलं नाही. समोरच्याने मनातल्या मनात आपल्या सगळ्या चुका आठवून बघितल्या पाहिजेत."

"अहो..."

"बरंय. पण तुम्ही हसताय. हसायचं नाही. थकल्यासारखं."

आठवडाभर आमच्या घरात हाच रियाज. आणि एके दिवशी भाऊजी ओट्यापाशी उभे राहून म्हणाले, "अहो..." आणि बाहेरच्या खोलीतून हे वर्तमानपत्र टाकून धावत आले. "काय झालं? मी दूध बंद केलं होतं!" मग समोर सख्खा भाऊ पाहून असे काही ओशाळले की दिवसभर आमच्याशी बोलले नाहीत.

सोमवारी मी पिशवी घेऊन बाजारात गेले. मालक म्हणाले होते, एक संधी देतो, मग माईक. माईकवाला तयारीत उभा. ट्रक घरघरत होता, हमाल ओरडत होते, खरेदीदार आपसांत वाद घालत होते. भाऊजी क्रेटवर चढले. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"अहो..."

आधी पुढची रांग वळली. मग मागची. एकाने तोंडातली काडी काढली. हमालांनी डोक्यावरचं ओझं तसंच धरून मान वळवली. ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं. माईकवाल्याने माईक पाठीमागे लपवला. आणि आतल्या खोलीतून मालक स्वतः चष्मा पुसत बाहेर आले, "काय, काय झालं?"

"टोमॅटो आलेत हो," भाऊजी हळूच, थकल्यासारखं म्हणाले. "बघा ना जरा."

आणि सगळा बाजार अपराधी चेहऱ्याने बोली लावायला लागला.